वाया गेलेले मत : अमेरिकेतील तिसरा उमेदवार

गेटसभा आटोपली, कर्णा उतरविला, की एखादा कामगार जवळ येतो आणि हळू आवाजात विचारतो, "भाऊ, तुमचे म्हणणे पटते. पण जो निवडून येणार नाही हे आजच दिसते आहे, त्याला मत देऊन ते फुकट का घालवायचे?"

हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. ज्याच्या हाती पाच वर्षांतून एकदा चालणारे एकच नाणे आहे, तो ते पारखूनच खर्च करणार. संघटनेच्या कामात आमची तीस वर्षे गेली. ह्या प्रश्नाला आम्ही कधी रागाने उत्तर दिले, कधी घाईने दिले, आणि पुष्कळदा विषयच बदलला. पुढे सार्वजनिक वाचनालयात अमेरिकेच्या इतिहासावरील पुस्तके हाती आली. तेव्हा ध्यानात आले की तेथील कामगार आणि शेतकरी हाच प्रश्न पावणेदोनशे वर्षे विचारीत आले आहेत, आणि त्याचे उत्तर एकामागून एक निवडणुकीत आपल्या मतांनी लिहून ठेवीत आले आहेत. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. वाचले ते पाळी सुटल्यावर वाचले. तेव्हा ही मांडणी पंडिताची नव्हे, एका कार्यकर्त्याची आहे असे समजून श्रोत्यांनी ती ऐकून घ्यावी.

'तिसरा उमेदवार' ह्या शब्दात आम्ही दोन प्रकारची माणसे धरतो. पहिला प्रकार रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक ह्या दोन मोठ्या पक्षांबाहेर उभा राहणारा. दुसरा, मोठ्या पक्षाच्या पुढाऱ्यांना नको असताना त्याच पक्षाच्या दारातून आत शिरणारा उपरा. आधी पहिल्याकडे वळू.

दारे दोनच का?

यंत्र कसे चालते हे समजल्याखेरीज अपघात का झाला हे समजत नाही. अमेरिकेचा अध्यक्ष साऱ्या देशातील मतांची बेरीज करून निवडला जात नाही. देशात ५० राज्ये आहेत. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधिगृहातील सभासदांइतके, अधिक सिनेटच्या दोन सभासदांचे दोन, इतके निर्वाचक मिळतात. राजधानी वॉशिंग्टनला तीन मिळतात. एकूण निर्वाचक ५३८, आणि अध्यक्ष होण्यास २७० हवेत. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर बाकी सर्व ठिकाणी ज्याला राज्यात सर्वांत अधिक मते पडतात तो त्या राज्याचे झाडून सारे निर्वाचक घेऊन जातो. समजा, एका राज्यात शंभर मतदार आहेत. पहिल्या उमेदवारास ४० मते पडली, दुसऱ्यास ३५, तिसऱ्यास २५. पहिल्याला सर्व निर्वाचक मिळाले, आणि उरलेल्या साठ मतदारांच्या पदरी शून्य.

आपल्याकडेही ज्याला अधिक मते तोच निवडून येतो. पण आपण लोकसभेच्या ५४३ जागा भरतो. एखाद्या भागात जोर असलेला लहान पक्ष दहावीस जागा घेऊन सभागृहात बसतो, आणि सरकार बनविताना त्याच्या दारी यावे लागते. अध्यक्षाची खुर्ची एकच असते. तिचे तुकडे करून वाटता येत नाहीत.

कोणालाच बहुमत मिळाले नाही तर काय? मग पहिल्या तिघांतून प्रतिनिधिगृह निवड करते, आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. जवळजवळ चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियालाही एक, आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही एक. १८२४ साली असे घडले. अँड्र्यू जॅक्सन ह्यांना मते अधिक असूनही गृहाने जॉन क्विन्सी ॲडम्स ह्यांना अध्यक्ष केले. म्हणजे तिसऱ्या उमेदवाराने मोठा पराक्रम करून निवडणूक अडवून धरली, तरी शेवटचा निकाल ज्या सभागृहात लागतो तेथे त्याचे स्वतःचे माणूस बहुधा नसतेच.

ह्यावर आणखी एक कुलूप आहे, ते मतपत्रिकेचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत सरकार मतपत्रिका छापीत नसे. प्रत्येक पक्ष आपापली छापून मतदाराच्या हातात देई. कोणता कागद हाती आहे हे मुकादमाला दुरूनही दिसे. १८५६ साली ऑस्ट्रेलियातील दोन वसाहतींनी सरकारी, गुप्त मतपत्रिका सुरू केली, आणि १८८८ पासून मॅसॅच्युसेट्सने व मागोमाग इतर राज्यांनी तिचा स्वीकार केला. कामगाराच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा. परंतु जो छापतो तो कोणाचे नाव छापावयाचे हेही ठरवितो. राज्याराज्यांनी सह्यांच्या, मुदतींच्या अटी घातल्या, आणि हे कायदे करणारे सभासद अर्थातच दोन मोठ्या पक्षांचे होते. ओहायो राज्यात नव्या पक्षाला मतदारांच्या शेकडा १५ सह्या, म्हणजे चार लाखांहून अधिक, गोळा कराव्या लागत. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरविला. तथापि पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हेचे नियम हा प्रकार पुढेही चालूच राहिला.

ही सारी अडचण पाहिल्यावर कोणीही म्हणेल की तिसऱ्याने उभेच राहू नये. पण माणसे उभी राहत आली. का, ते पाहू.

विरजणाची गोष्ट

एकच अपवाद आधी सांगून टाकतो. रिपब्लिकन पक्ष एके काळी नवखाच होता. १८४० आणि १८४४ साली गुलामगिरीविरुद्ध लिबर्टी पक्ष उभा राहिला. त्याला मूठभर मते पडली. १८४८ साली फ्री सॉइल पक्षाला शेकडा १० पडली. १८५४ साली गुलामगिरीच्याच प्रश्नावर व्हिग हा जुना मोठा पक्ष मोडला, त्या फुटीतून रिपब्लिकन पक्ष निघाला, आणि १८६० साली चौरंगी लढतीत शेकडा ४० हून कमी मते घेऊन लिंकन अध्यक्ष झाले. दक्षिणेतील दहा राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच कोणी वाटली नव्हती. म्हणजे नवा पक्ष वर आला तो दोहोंतील एक जागा रिकामी झाल्यावर. तशी जागा पुन्हा रिकामी झालेली नाही.

नेहमीचा प्रकार ह्याहून वेगळा आहे, आणि तो १८९२ सालच्या पीपल्स पार्टीत, म्हणजे लोकपक्षात, स्वच्छ दिसतो. कॅन्ससचा गहू पिकविणारा आणि टेक्ससचा कापूस पिकविणारा शेतकरी रेल्वेच्या भाड्याने, सावकारीने आणि पडत्या भावाने नागवला गेला होता. विदर्भ-खानदेशातील कापूस उत्पादकाला ही कहाणी समजावून सांगण्याची गरज नाही. ह्या शेतकऱ्यांनी संघ काढले, संघांतून पक्ष काढला, आणि १८९२ च्या जुलैत ओमाहा येथे जाहीरनामा मंजूर केला. त्यात काय होते? अधिक उत्पन्नास अधिक दराने प्राप्तिकर, टपाल खात्याच्या बचत बँका, रेल्वे सरकारी मालकीची, सिनेटच्या सभासदांची थेट लोकांकडून निवड, गुप्त मतदान, कामाचे तास कमी. त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर ह्यांना दहा लाखांहून अधिक मते आणि २२ निर्वाचक मिळाले. त्या काळच्या शिष्ट वृत्तपत्रांनी ह्या मागण्यांची टवाळी केली.

चार वर्षांनी, १८९६ साली, डेमोक्रॅटिक पक्षाने ३६ वर्षांचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन ह्यांना उभे केले, आणि लोकपक्षाची चांदीच्या नाण्याची मागणी आपल्या ध्वजावर लिहिली. लोकपक्षापुढे पेच पडला. वेगळे उभे राहावे तर आपलीच मागणी पाडल्याचा दोष येतो; ब्रायन ह्यांनाच उभे करावे तर आपले वेगळेपण संपते. त्यांनी दुसरा मार्ग धरला. ब्रायन हरले आणि लोकपक्ष विरून गेला.

पण पुढचे पाहा. टपाल बचत बँकेचा कायदा १९१० साली झाला. प्राप्तिकराची आणि सिनेटच्या थेट निवडणुकीची, अशा दोन्ही घटनादुरुस्त्या १९१३ साली मंजूर झाल्या. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले ते हेच साल. ज्यांनी मागण्या प्रथम मांडल्या त्यांचा पक्ष तेव्हा नावालाही उरला नव्हता. दुधात विरजण घातले म्हणजे ते वेगळे काढून दाखविता येत नाही. पण दूधही दूध राहत नाही.

येथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. तथापि आमच्यासारख्या संघटनेच्या माणसाला ह्यातील दुसरा भाग अधिक बोचतो. मागणी जगली, पण संघटना मेली. दक्षिणेत काळ्या आणि गोऱ्या गरीब शेतकऱ्यांनी एकत्र यावे असे सांगणारे टॉम वॉटसन हे ह्याच पक्षाचे पुढारी. पक्ष बुडाल्यावर तेच पुढे वर्णद्वेषाचे विष ओकू लागले. त्याच सुमारास दक्षिणेतील राज्यांनी मतदानकर आणि साक्षरतेच्या परीक्षा लावून काळ्यांचे जवळजवळ सारे, आणि पुष्कळ गरीब गोऱ्यांचेही, मत हिरावून घेतले. अडविण्यास त्यांची संघटना शिल्लक नव्हती.

कैदी क्रमांक ९६५३

आता कामगारांकडे येऊ. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन माणसे होती.

सॅम्युएल गॉम्पर्स हे सिगार वळणारे कामगार; आपल्याकडील विडी कामगारांना त्यांच्याविषयी आपुलकी वाटावी. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर ह्या मध्यवर्ती संघटनेचे ते अध्यक्ष. त्यांचे धोरण असे की स्वतःचा पक्ष काढू नये. दोन पक्षांतील जो उमेदवार आपले काम करील त्याला मत द्यावे, जो करणार नाही त्याला पाडावे.

दुसरे यूजीन डेब्स. इंडियाना राज्यातील टेर होट येथे १८५५ साली जन्म, चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेच्या कारखान्यात, पुढे इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन. १८९३ साली त्यांनी रेल्वेतील सर्व धंद्यांची मिळून एकच युनियन काढली. काळ्या कामगारांना मात्र तिच्या अधिवेशनाने डेब्स ह्यांचे न ऐकता बाहेरच ठेवले, हा त्या चळवळीवरील डाग लपविण्याचे कारण नाही. १८९४ साली शिकागोजवळ पुलमन ह्या रेल्वेडबे बनविणाऱ्या कंपनीने मजुरी कापली, पण कामगारांच्या कंपनीच्या घरांचे भाडे कमी केले नाही. संप झाला, तो देशभर पसरला. अध्यक्ष क्लीव्हलंड हे डेमोक्रॅट. त्यांनी लष्कर पाठविले, न्यायालयाने मनाईहुकूम काढला, डेब्स सहा महिने तुरुंगात गेले. स्वतः डेब्स तोवर डेमोक्रॅटच होते. मित्र पक्षाच्या सरकारने संप मोडला, तेव्हा कामगाराचा स्वतःचा पक्ष हवा ह्या निर्णयाकडे ते वळले.

१९०० ते १९२० ह्या काळात ते पाच वेळा अध्यक्षपदास उभे राहिले. पहिल्या वेळी एक लाखाहून कमी मते. १९१२ साली नऊ लाख, म्हणजे शेकडा ६. १९१८ साली कॅन्टन येथे महायुद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२० ची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून, कैदी क्रमांक ९६५३ म्हणून, लढविली. तरीही नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मत दिले. हे सारे मतदार मूर्ख होते काय? उमेदवार कोठडीत आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे मत हे सहीसारखे होते. आम्ही ह्या माणसाच्या बाजूचे आहोत, एवढेच त्यांना नोंदवावयाचे होते. पुढच्याच वर्षी, १९२१ च्या नाताळात, रिपब्लिकन अध्यक्ष हार्डिंग ह्यांनी त्यांची सुटका केली. तुरुंगाबाहेर पडताना आतील कैद्यांनी त्यांचा जयजयकार केला.

मग मागण्यांचे काय झाले? १९१२ साली माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही आपला पक्ष सोडून प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे उभे होते. त्यांना शेकडा २७ मते आणि ८८ निर्वाचक मिळाले. तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराने मोठ्या पक्षाच्या विद्यमान अध्यक्षाला, टॅफ्ट ह्यांना, मागे टाकल्याचे हे एकमेव उदाहरण. अर्थात फायदा तिसऱ्याचाच झाला : शेकडा ४२ मतांवर विल्सन ह्यांना ४३५ निर्वाचक मिळाले. रूझवेल्ट ह्यांच्या जाहीरनाम्यात स्त्रियांना मताधिकार, बालमजुरीस बंदी, आजार, बेकारी आणि वार्धक्य ह्यांसाठी सामाजिक विमा होता. १९२४ साली विस्कॉन्सिनचे सिनेटर ला फॉलेट उभे राहिले. तेव्हा गॉम्पर्स ह्यांच्या संघटनेनेही आपले धोरण बाजूस ठेवून त्यांना पाठिंबा दिला. शेकडा १६ हून अधिक मते पडली. राज्य एकच मिळाले, त्यांचे स्वतःचे.

सामाजिक विम्याचा आणि युनियनला मान्यता देण्याचा, असे दोन्ही कायदे झाले १९३५ साली, फ्रँकलिन रूझवेल्ट ह्या डेमोक्रॅट अध्यक्षाच्या कारकिर्दीत. आता नीट पाहा. विम्याची मागणी १९१२ च्या कागदावर होती. कायद्याला तेवीस वर्षे लागली. कागदावरची ओळ आपल्या पायांनी चालत कायद्यापर्यंत गेली नाही. मध्ये महामंदी आली, आणि १९३४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत, मिनिआपोलिसच्या मालमोटारींवर, टोलेडोच्या कारखान्यात मोठे संप झाले. मागणी तिसऱ्या पक्षाने लिहून ठेवली होती. ती वसूल केली रस्त्यावर उतरलेल्या कामगारांनी.

न्यूयॉर्कच्या शिवणकामगारांच्या युनियननी तर १९३६ साली एक नामी तोड काढली. त्या राज्यात एकाच उमेदवाराचे नाव दोन पक्षांखाली छापता येते. पुष्कळ राज्यांनी ही सोय लोकपक्षाच्या काळापासून बंद केली होती. युनियननी अमेरिकन लेबर पार्टी काढली, तिच्या रकान्यात रूझवेल्ट ह्यांचेच नाव घातले, आणि अडीच लाखांहून अधिक मते त्या रकान्यात पाडली. मत वाया गेले नाही, आणि ते कोणाचे हेही मोजून दाखविता आले.

वाईट मागणीलाही हाच रस्ता

तिसरा उमेदवार म्हणजे नेहमी गरिबांचा कैवारी, असे जर कोणी समजत असेल तर ती चूक आहे. १९४८ साल ह्याचा दाखला देते. त्या वर्षी दोन बंडखोर उभे होते. माजी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस हे वर्णभेदाविरुद्ध; दक्षिणेत वेगळे बसविलेल्या श्रोत्यांपुढे बोलण्याचे त्यांनी नाकारले. दुसरे स्ट्रॉम थर्मंड. डेमोक्रॅटिक पक्षाने काळ्यांच्या हक्कांचा ठराव केला म्हणून रागावून बाहेर पडलेले. दोघांनाही साडेअकरा लाखांच्या आसपास, सारखीच मते पडली. वॉलेस ह्यांची मते देशभर विखुरलेली, म्हणून निर्वाचक शून्य. थर्मंड ह्यांची दक्षिणेत एकवटलेली, म्हणून निर्वाचक ३९. शिवाय ज्या चार राज्यांत ते जिंकले, तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिकृत उमेदवार म्हणून मतपत्रिकेवर त्यांचेच नाव छापले होते. हे यंत्र मागणीचा चांगुलपणा मोजीत नाही. मते कोठे साठली आहेत एवढेच पाहते.

१९६८ साली अलाबामाचे जॉर्ज वॉलेस ह्यांनी हाच रस्ता धरला. शेकडा १३ हून अधिक मते, पाच राज्ये, ४६ निर्वाचक. उत्तरेकडील मोटार कारखान्यांतील गोरे कामगारही त्यांच्या सभांना गर्दी करू लागले. ह्या वेळी युनियननी केलेले काम आम्हांला फार शिकवून गेले. त्यांनी शिव्याशाप दिले नाहीत. अलाबामातील मजुरीचे दर किती कमी आहेत, तेथे युनियनची काय अवस्था आहे, ह्याची पत्रके काढून कामगारांच्या हाती दिली. उत्तरेतील कामगारांत वॉलेस ह्यांचा जोर ओसरला. पण त्यांची भाषा, थोडी धुऊन पुसून, मोठ्या पक्षांनी उचललीच.

पैसा, आणि ५३७ मते

अलीकडच्या दोन उदाहरणांशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. १९९२ साली टेक्ससचे कोट्यधीश रॉस पेरो स्वतःच्या पैशाने उभे राहिले. दूरदर्शनवर अर्ध्या अर्ध्या तासाचे कार्यक्रम विकत घेऊन त्यांनी तक्ते दाखवून सरकारी तुटीचा हिशेब सांगितला. जुलैत माघार घेतली, ऑक्टोबरात परत आले. एवढे करूनही शेकडा १९ च्या जवळ, म्हणजे जवळजवळ दोन कोटी मते पडली. निर्वाचक एकही नाही. त्यांच्या दोन मागण्या ठळक होत्या : तूट भरून काढा, आणि मेक्सिकोशी मुक्त व्यापाराचा करार करू नका. तूट भरून १९९८ साली अंदाजपत्रकात शिल्लक पडली. करार मात्र, युनियनचाही विरोध असताना, १९९४ च्या आरंभी अमलात आला. मोठे पक्ष तिसऱ्याच्या ताटातून आपल्याला पचेल तेवढेच उचलतात, असा आम्ही ह्याचा अर्थ घेतो. पेरो ह्यांनी पुढे रिफॉर्म पार्टी काढली. तिचे मूळ पेरो ह्यांच्या थैलीत होते, आणि २००० सालापर्यंत ती आपसांतील भांडणांत मोडकळीस आली.

त्याच २००० साली राल्फ नेडर उभे होते. मोटारी सुरक्षित असाव्यात म्हणून १९६६ चा कायदा होण्यास ज्यांची चळवळ कारणीभूत, तेच हे गृहस्थ. उमेदवारांच्या जाहीर वादसभेत बोलण्यास मतचाचणीत शेकडा १५ ची अट होती. नेडर ह्यांना बोस्टनच्या सभागृहात तिकीट हाती असताना प्रेक्षक म्हणूनही जाऊ दिले नाही. त्यांना देशभर शेकडा ३ हून कमी मते पडली, फ्लॉरिडात ९७,४८८. आणि फ्लॉरिडात बुश ह्यांनी गोर ह्यांना हरविले ते ५३७ मतांनी. ते राज्य गेले म्हणून अध्यक्षपद गेले.

येथे आमच्या कामगारमित्राच्या प्रश्नाला खरी धार येते. नेडर ह्यांचे सर्वच मतदार गोर ह्यांच्याकडे गेले असते असे नाही. पुष्कळ घरीच बसले असते. फेरमोजणी न्यायालयाने थांबविली हेही खरे. तरीपण सत्त्याण्णव हजारांतून पाचशे अडतीसांचा फरक पडला नसता, असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. तिसऱ्याला मत देण्याची किंमत कधी कधी रोख मोजावी लागते, आणि ती मोजणारे बहुधा गरीबच असतात. मेन राज्याने ह्यावर एक इलाज केला. मतदाराने पहिली, दुसरी पसंती लिहावयाची. पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जाते. अध्यक्षाच्या निवडणुकीत त्या राज्याने ही पद्धत २०२० साली प्रथम वापरली.

आतल्या दाराने

आता दुसरा प्रकार, उपऱ्याचा. १९६८ पर्यंत पक्षाचा उमेदवार बहुतांशी पुढारी ठरवीत. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत मतदानात, न उतरता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. फार गदारोळ झाला, नियम बदलले, आणि निवड पक्षाच्या मतदारांकडे गेली. दार उघडले ते चांगल्यासाठी. पण उघड्या दारातून कोणीही येऊ शकतो.

डॉनल्ड ट्रंप ह्यांनी १९९९-२००० साली पेरो ह्यांच्या रिफॉर्म पार्टीतर्फे उभे राहण्याची चाचपणी करून पाहिली आणि सोडून दिली. २०१६ साली ते रिपब्लिकन पक्षाच्या दाराने आले. त्यापूर्वी त्यांनी कोणतेही सरकारी पद वा लष्करी हुद्दा भूषविलेला नव्हता. साउथ कॅरोलायनात त्यांना शेकडा ३२-३३ मते पडली आणि तेथील पन्नासही प्रतिनिधी मिळाले. जे गणित बाहेरच्या तिसऱ्याला चिरडते, तेच आतल्या उपऱ्याला खांद्यावर घेते. पुढे देशात सुमारे २९ लाख मते कमी पडूनही ते अध्यक्ष झाले.

त्याच वर्षी अपक्ष सिनेटर बर्नी सँडर्स डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. एक कोटी तीस लाखांच्या वर मते घेऊन ते हरले. पण ताशी १५ डॉलर किमान वेतनाची मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यात आली. ही मागणी मुळात त्यांची नव्हे. २०१२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या खाणावळींतील कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवले, तेव्हाची ती. देशाच्या कायद्यातील किमान वेतन २००९ साली ताशी सव्वासात डॉलर झाले, ते २०२५ सालीही तेवढेच होते. पण जेथे हे कामगार संघटित होते त्या कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी २०१६ सालीच पंधरा डॉलरचे कायदे केले. जाहीरनाम्यातील ओळ तीच, देशही तोच, फरक संघटनेचा.

तर मग उत्तर काय?

ह्या साऱ्या हिशेबातून आम्ही तीन प्रश्न काढले आहेत. कामगारमित्राला आता आम्ही ते देतो, आणि उत्तर त्यानेच काढावे असे सांगतो. पहिला : हा उमेदवार कोणाची मागणी मांडतो, आणि ती पुरी झाली तर कोणाचे भले, कोणाचे नुकसान? दुसरा : ह्याच्या उभे राहण्याने निवडून येणार कोण, आणि त्याची झळ आपण सोसू शकतो काय? तिसरा, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : निकालाच्या दुसऱ्या दिवशी हिशेब मागावयास कोण जाणार आहे? पेरो ह्यांची जवळजवळ दोन कोटी मते चार-आठ वर्षांत वाऱ्यावर गेली. डेब्स ह्यांची नऊ लाख मते कामगारांच्या स्मरणात राहिली, कारण त्यांच्यामागे सभासद होते, वर्गणी होती, पावतीपुस्तक होते.

तिसरा प्रश्न आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या वस्तीतून एकदा आम्ही नगरपालिकेला आमचा माणूस उभा केला होता. अनामत जप्त झाली. पण आम्ही जी पाण्याच्या नळाची मागणी घरोघर नेली होती, ती निवडून आलेल्या गृहस्थांनीच पुढे मंजूर करून घेतली. तेव्हा आम्हांला धन्यता वाटली. नळ आला, तो वस्तीच्या एकाच टोकाला आला, आणि त्याच टोकाला राहिला. कारण निकालाच्या रात्रीच आम्ही निवडणुकीचे कार्यालय बंद करून, फलक काढून, किल्ली घरमालकाला दिली होती. दुसऱ्या टोकाच्या बायका हंडे घेऊन पहाटे चालत होत्या, आणि त्यांनी जाऊन विचारावे असे ठिकाण आम्हीच ठेवले नव्हते. मत मतदारांनी वाया घालविले नव्हते. ते आम्ही घालविले.

म्हणून ह्या प्रश्नावर आता आम्ही रागावत नाही. विचारणाऱ्याला बसवून घेतो, आणि आधी विचारतो की निवडणूक संपल्यावर दर रविवारी कार्यालय उघडावयास तो येणार आहे काय. जे होय म्हणतात, त्यांच्याशी मताचे बोलणे सोपे जाते.